खुर्च्या सरकवणारी माणसं

आमच्या टीममधला एक डेव्हलपर कर्णबधिर आहे. गेल्या आठवड्यात मीटिंग सुरू व्हायच्या आधी तो उठला आणि आमच्या पाठीमागच्या खिडकीचा पडदा लावून आला. नंतर विचारलं तर चॅटवर उत्तर, "मागून उजेड आला की तुमचे चेहरे काळे दिसतात." दोन वर्षं एकाच खोलीत बसतोय, आणि मला हे माहीत नव्हतं! मग अख्खा शनिवार वाचण्यात गेला.

वॉशिंग्टनमध्ये गॅलॉडेट विद्यापीठ आहे. कर्णबधिरांना पदवी द्यायची परवानगी त्याला १८६४ साली मिळाली, कायद्यावर सही खुद्द लिंकनची. पण इमारती बांधल्या त्या ऐकू येणाऱ्यांनी. गॉथिक थाटाच्या, देखण्या. विद्यार्थी आपापलं जमवून घ्यायचे. खुर्च्या गोलात लावायच्या, पडदे सारखे करायचे, मग बोलायचं. खुणांच्या भाषेत हात आणि चेहरा दिसला नाही तर बोलणंच खुंटतं. अमेरिकन फुटबॉलमधलं 'हडल', म्हणजे खेळाडूंचं ते कोंडाळं, याचं श्रेयही १८९०च्या दशकातल्या इथल्याच संघाला देतात. (वर्गात गोल करायचा तो खुणा दिसाव्यात म्हणून, मैदानात समोरच्या संघाला दिसू नयेत म्हणून. मला हे फार आवडलं.)

अध्यक्ष मात्र १२४ वर्षं सगळे ऐकू येणारेच! मार्च १९८८ मध्ये पुन्हा तशीच निवड झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी कॅम्पसची दारं बंद केली. आठवडाभरात आय. किंग जॉर्डन पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. भिंतींपर्यंत हे पोचायला आणखी १७ वर्षं लागली. २००५ साली हॅन्सेल बाऊमन या आर्किटेक्टने विद्यार्थी-प्राध्यापकांना सोबत घेऊन 'डेफस्पेस'चं काम सुरू केलं. तो स्वतः ऐकू शकणारा. म्हणजे बघा, विद्यार्थी इतकी वर्षं जे हाताने करत होते, तेच आता नकाशावर आलं.

चालताना दोघं एकमेकांकडे बघत बोलतात, म्हणून वाटा रुंद. हात मोकळे राहावेत म्हणून दारं आपोआप उघडणारी. कोपऱ्यापलीकडून येणारा दिसावा म्हणून काच. भिंती निळ्या-हिरव्या, त्यावर हात उठून दिसतात. आणि खोली घुमता कामा नये, कारण श्रवणयंत्र वापरणाऱ्याला त्या घुमण्याचा त्रास होतो. हे शेवटचं मला जन्मात सुचलं नसतं. २००८ साली तिथे उघडलेल्या सोरेन्सन इमारतीत यातलं बरंच काही आहे. आपल्याकडे रँप आणि लिफ्ट झाली की विषय संपला!

असो. उद्या सोमवार. आमच्या मीटिंगरूमचं लांबलचक टेबल जमिनीत बोल्ट मारून बसवलंय, ते काही हलणार नाही. पडदा तेवढा मी आधी जाऊन लावीन.