भविष्याच्या नकाशातलं मावळ

मंडळी, विज्ञान कादंबरी म्हटली की आपल्याला यंत्रं आठवतात. पण ज्यूल व्हर्नची १८६५ सालची चंद्रावरच्या स्वारीची कादंबरी मुळात थट्टा आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपतं आणि बाल्टिमोरच्या गन क्लबातले तोफवाले रिकामे होतात. आता करायचं काय? तर चंद्रावर गोळा मारायचा! नऊशे फुटी तोफ कशी ओतायची, दारू किती लागेल, सगळा हिशेब चोख. ती आपल्याच मुलखात व्हावी म्हणून फ्लोरिडा आणि टेक्सस भांडतात. 'पण कशासाठी?' हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. व्हर्नचा चिमटा तिथेच आहे.

ही कादंबरी १९००च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठीत क्रमशः येऊ लागली. आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या लोणावळ्यात एक खरंखुरं भविष्य उभं राहिलं. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवायचा, नळांतून खाली खोपोलीला सोडायचा आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. १९१० साली टाटांची कंपनी निघाली. वळवण, लोणावळा, शिरवटा ही तळी झाली. १९१५त वीज मुंबईला पोचली. कोळशाच्या धुराविना गिरणी, ही कल्पना कादंबरीत शोभणारी होती. ती खरी झाली, याचं मोल कमी करायचं कारण नाही.

मग पाळी आली मुळशीची. मुळा-निळेच्या संगमाजवळ धरण आणि वीजघर खाली कोकणात, भिऱ्याला. खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावं, भाताची खाचरं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढे सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे होते. घोषणा होती, जान किंवा जमीन. पुण्यातले बरेच सावकार-जमीनमालक मोबदल्याकडे झुकले. कसणाऱ्याला मात्र जमिनीचा पर्याय नव्हता. १९२४ अखेर लढा विझला. बापट तुरुंगात गेले, धरण पुरं झालं.

म्हणजे बघा, वीज मुंबईला, पाणी कोकणात, आणि बुडाली ती जमीन इथली. तोफवाले विचारतात 'कसं?' व्हर्न आपल्याला विचारायला लावतो 'कशासाठी?' मुळशीच्या शेतकऱ्याने तिसरा प्रश्न विचारला, 'कुणाच्या जमिनीवर?' उद्याचं चित्र कुणीही दाखवलं, की हे तिन्ही प्रश्न विचारायचे. एवढंच सांगायला आज उभा राहिलो.