रात्री नऊचं वळण

8 सप्टेंबर 1923, सकाळ. अमेरिकन नौदलाच्या 14 विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन डिएगोकडे निघाल्या. वेग 20 नॉट. सर्वांत पुढे ‘डेल्फी’. तिच्यावर ताफ्याचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड वॉटसन. जहाजाचे कप्तान डोनाल्ड हंटर. मार्ग हंटरच आखत होते.

सुमारे 11:30. पिजन पॉइंटचं दीपगृह दिसलं, नकाशावर पक्की खूण पडली. त्यानंतर सगळा अंदाज: होकायंत्राची दिशा, पंख्याच्या फेऱ्यांवरून काढलेला वेग आणि गेलेला वेळ. मागून येणाऱ्या लाटेने जहाजाची मागची बाजू उचलली की पंखा अर्धवट हवेत फिरतो. फेऱ्या मोजल्या जातात, अंतर मात्र तेवढं कापलं जात नाही. प्रवाह तर या हिशेबात धरलाच जात नाही. आठवड्यापूर्वी जपानमध्ये महाभूकंप झाला होता; त्यामुळे प्रवाह बिघडले असावेत, असा संशय पुढे घेतला गेला.

14:15. पॉइंट आर्ग्वेलोच्या, रेडिओ लहरींवरून जहाजांची दिशा सांगणाऱ्या केंद्राने ताफा आपल्या दक्षिणेला असल्याचं कळवलं. ते उघडच चुकीचं होतं. त्या काळच्या यंत्रात समोरच्या आणि पाठच्या दिशेची गल्लत होई. हंटर यांनी उलटी दिशा मागून घेतली, पण केंद्रावरचा भरवसा दुपारीच डळमळला.

अंधार पडला, धुकं दाटलं.

20:39. पुन्हा केंद्राचा निरोप: 330 अंश. म्हणजे ताफा अजून केंद्राच्या वायव्येलाच, जे ओलांडून सांता बार्बराच्या सामुद्रधुनीकडे वळायचं ते भूशीर ओलांडलेलंच नाही. एका रेषेवरून जहाजाची जागा ठरत नाही, दोन रेषा छेदाव्या लागतात, हे खरं. पण आत्ता वळायचं नाही, एवढं सांगायला ती एक रेषा पुरेशी होती. या घटनाक्रमात सर्वांत जास्त सलतं ते हेच. वेग कमी करून ओळंबा टाकला असता, तर पाण्याची खोलीही कळली असती. वेग कमी केला गेला नाही.

21:00. सांता बार्बराच्या सामुद्रधुनीत शिरतोय, या समजुतीने ‘डेल्फी’ 95 अंशांवर, किनाऱ्याकडे वळली. मागच्यांनी तिचाच माग धरला.

21:05. होंडा पॉइंटचे खडक. ‘डेल्फी’मागोमाग ‘एस. पी. ली’, ‘यंग’, ‘वुडबरी’, ‘निकोलस’, ‘फुलर’, ‘चॉन्सी’. ‘यंग’चं पोट फाटलं आणि पाहता पाहता ती कुशीवर कलंडली. वर पोहोचलेले खलाशी तेलाने निसरड्या झालेल्या पत्र्याला धरून होते. त्यांच्यातला आर्थर पीटरसन दोर घेऊन ‘चॉन्सी’पर्यंत पोहत गेला आणि त्या दोरामुळे बाकीचे वाचले. एकूण मृत 23. त्यांतले 20 ‘यंग’चे, बरेचसे खाली इंजिन आणि बॉयलरच्या खोल्यांत कामावर होते.