मिओरित्सा : मरणातले लग्न

रोमानियाच्या लोकसाहित्यात 'मिओरित्सा' या गाथागीताइतके मानाचे स्थान क्वचितच दुसऱ्या गीताला असेल. तीन मेंढपाळ कळप घेऊन डोंगर उतरत असतात. दोघे मिळून मोल्दावियाच्या मेंढपाळाला मारायचे ठरवतात, कारण त्याचा कळप मोठा आहे. त्याची लाडकी मेंढी त्याला सावध करते. तो मात्र पळत नाही. मेंढवाड्याजवळ पुरा, उशाशी बासऱ्या ठेवा, एवढेच मागणे तो मेंढीकरवी मारेकऱ्यांना कळवू पाहतो. इतर मेंढ्यांना सांग, माझे लग्न झाले; म्हाताऱ्या आईला मात्र लग्नात तारा तुटल्याचे सांगू नकोस, असे तो विनवतो.

कवी वासिले अलेक्सांद्री यांनी हे गीत १८५० मध्ये प्रसिद्ध केले आणि १८५२ च्या संग्रहात घेतले. गीते 'जमवलेली आणि सुधारलेली' आहेत, असे त्या संग्रहाच्या मुखपृष्ठावरच छापले होते. पुढे फ्रेंच इतिहासकार मिशले यांना या गीतात एका अख्ख्या राष्ट्राची शरणागती दिसली. १९३६ मध्ये तत्त्वज्ञ लुचियान ब्लागा यांनी रोमानियन मनाच्या घडणीला याच गीताचे नाव दिले. एका कवीच्या हातून गेलेला पाठ असा राष्ट्राचा स्वभाव ठरला.

मला इथे संगीतसंशोधक कॉन्स्तांतिन ब्रेलोयू यांचे म्हणणे अधिक पटते. त्यांनी गावोगावची मर्तिकाची गाणी जमवली होती. रोमानियन खेड्यांत अविवाहित तरुण गेला, तर त्याला नवरदेवासारखे सजवतात, फरचे झाड आणतात, लग्नाचे विधी करतात. अपुऱ्या इच्छेने मेलेला माणूस परत येऊन घराला त्रास देईल, ही त्यामागची भीती. या गीतातले लग्न म्हणजे मृत्यूची ओढ नव्हे. मागे राहिलेल्यांनी मृताची केलेली समजूत आहे, असे ब्रेलोयू यांनी १९४६ मध्ये मांडले.

ट्रान्सिल्व्हानियात हीच कथा नाताळच्या कोलिंदा गीतांत येते. तिथल्या अनेक पाठांत बोलणारी मेंढी नाहीच. मेंढपाळाची शेवटची इच्छा मात्र टिकून आहे. आद्रियान फोकी यांनी १९६४ मध्ये शेकडो पाठ एकत्र आणल्यावर हे वैविध्य स्पष्ट झाले.

म्हणून एका छापील पाठावरून लोकांचा स्वभाव ठरवू नये, असे मला वाटते. मेंढपाळ लढत नाही, यावरून मिशले यांनी सगळ्या समाजाला हतबल ठरवले. गीत जपणाऱ्या खेड्यांना मात्र काळजी होती ती अवेळी गेलेल्या मुलाची आणि त्याच्या आईची.