हिमोफिलिया असलेल्या मुलाचा सांधा सुजला: रक्तस्राव की जंतुसंसर्ग?

मुलाचा गुडघा, घोटा किंवा कोपर सुजले की तुमच्या मनात आधी रक्तस्राव येतो, आणि बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर असतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेला फॅक्टर लगेच द्या, सांध्याला विश्रांती द्या. काही तासांत ठणका कमी होऊ लागतो.

तो कमी झाला नाही, उलट वाढला, १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप चढला, मूल मलूल झाले किंवा सांधा जराही हलवू देत नसेल, तर सांध्यात पू झाला असण्याची शक्यता असते. हे क्वचित घडते, म्हणूनच लक्षात यायला उशीर होतो. रक्तस्रावातही सांधा गरम लागतो आणि थोडी कणकण येते, त्यामुळे नुसता हात लावून फरक कळत नाही. फॅक्टर लागू न पडण्याचे कारण इन्हिबिटरही असू शकते. पण ‘आणखी एक डोस देऊन उद्या बघू’ असे करू नका. पू काही दिवसांतच कूर्चा खराब करतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पूर्वी वारंवार रक्तस्राव झालेल्या सांध्यात किंवा छातीत फॅक्टरसाठी पोर्ट बसवलेल्या मुलांत हा धोका जास्त असतो. बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू रक्तातून सांध्यात पोहोचतो.

निदानासाठी सांध्यातला द्रव सुईने काढून तपासावा लागतो. ‘याला सुई कशी टोचणार?’ ही पालकांची भीती स्वाभाविक आहे, पण आधी फॅक्टर देऊन त्याची पातळी वाढवली की ही तपासणी करता येते. घरात उरलेले अँटिबायोटिक देऊ नका. त्यामुळे कल्चरमध्ये जंतू सापडणे अवघड होते. पू निघाल्यास सांधा धुवावा लागू शकतो. अँटिबायोटिक आधी शिरेतून, मग तोंडाने, असे एकूण काही आठवडे चालते. या काळात फॅक्टरही सुरू राहतो.

तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. जवळच्या दवाखान्यात गेलात तर ‘कमरेत इंजेक्शन देऊ नका’ असे आधीच सांगा, कारण स्नायूत रक्तस्राव होतो. तेल लावून चोळणे किंवा गरम शेक तर नकोच.

ठणका उतरला की फिजिओथेरपी लवकर सुरू करा, तीही फॅक्टरच्या वेळा सांभाळून. फार दिवस पट्टीत ठेवलेला गुडघा वाकलेलाच राहतो.