पहिला ट्रक निघायला ११ वर्षं लागली, आणि तेच बरं झालं!

तुम्ही पुण्यात राहत असाल तर एआरएआय टेकडीवर एकदा तरी गेलाच असाल. सूर्यास्त, फोटो, रील, सगळं झालं असेल. पण ज्या संस्थेवरून टेकडीला हे नाव पडलं, तिच्या गेटच्या आत काय चालतं? मला तर इंजिनिअरिंगची चारही वर्षं पत्ता नव्हता.

आत गाड्यांची परीक्षा होते. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६. गाडी रोलरवर चढवतात, चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. ठरवून दिलेल्या वेगाने ती चालवायची आणि सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं ते मोजायचं. जाहिरातीत बारीक अक्षरात मायलेजचा आकडा असतो ना, तो अशाच चाचणीतून येतो. नवीन मॉडेल विकायचं तर सरकारने नेमलेल्या अशा एखाद्या संस्थेची मंजुरी लागतेच.

आता ते १९६६ साल लक्षात ठेवा. आजची गोष्ट त्याच वर्षाची आहे.

त्याआधी दोन मिनिटं पार्श्वभूमी. पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ पासून, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून. म्हणजे यंत्रावर हात बसलेली माणसं इथे आधीपासून होती. १९६२ मध्ये एमआयडीसी आली. मुंबईत जागा मिळेना, हायवे जवळ, त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहू लागले. आकुर्डीत बजाज आणि बजाज टेम्पो, कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स.

आणि टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. ही कंपनी जमशेदपूरला १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवत होती. डिझाइन जर्मनीचं, जुळणी आपली. करार १५ वर्षांचा, म्हणजे १९६९ ला संपणार. मग पुढे काय? कंपनीची सूत्रं तेव्हा सुमंत मुळगावकरांकडे होती. ('सुमो' या गाडीचं नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आलंय.) १९६६ मध्ये त्यांनी पुण्यात इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर सुरू केलं. ओसाड माळावर झाडं लावली, तळं केलं, पोरांना ट्रेनिंग द्यायला घेतलं, टूलरूम उभी केली.

आणि ट्रक? पुण्यातून पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ मध्ये. अकरा वर्षांनी! आजच्या स्टार्टअपवाल्याला हे सांगितलं तर तो चक्कर येऊन पडेल.

मग एवढी वर्षं चाललं होतं काय? ट्रक बनवणारी यंत्रं आणि डाय आधी स्वतः बनवायला शिकणं चाललं होतं. डाय म्हणजे साचा. गाडीचा दरवाजा बनवायचा तर पत्रा डायमध्ये ठेवून प्रेसने दाबतात. डाय अर्धा मिलिमीटर चुकली की प्रत्येक दरवाजा चुकला. बाहेरून मागवायचं म्हटलं तर परकीय चलनाची बोंब. त्यातच जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४.७६ रुपयांवरून थेट ७.५० वर! एका रात्रीत परदेशी मशीन दीडपटीहून महाग.

हे काम किती किचकट असतं ते मी घरी पाहिलंय. माझे बाबा भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये डाय फिटर होते. डायच्या एका भागाला निळा रंग लावायचा, दुसरा भाग त्यावर टेकवायचा, जिथे रंग उमटला तिथे घासायचं. पुन्हा रंग, पुन्हा घासणं. दिवसच्या दिवस. आमच्या भाषेत डिबगिंगच ते, फक्त हाताला घट्टे पाडणारं. कुठे किती घासायचं आणि का, हे बाबांना कुणाला विचारावं लागायचं नाही.

या शिक्षणाची खरी परीक्षा झाली ती इंडिकाच्या वेळी. १९९८ ची ही गाडी पुण्यात विकसित झाली. सगळंच आपलं होतं असं नाही हं. बॉडीच्या स्टायलिंगला इटलीतल्या तुरिनच्या स्टुडिओची मदत होती, असेंब्ली लाइन तर निस्सानच्या ऑस्ट्रेलियातल्या बंद कारखान्यातून उचकटून आणलेली. सुरुवातीला गिऱ्हाइकांच्या तक्रारीही चिक्कार आल्या. पण गाडी आपण घडवली होती, त्यामुळे दोष शोधून दुरुस्त करणंही आपल्याच हातात होतं. २००१ मध्ये सुधारलेली 'व्ही २' आली आणि ती धडाक्यात चालली.

आता माझं सांगतो. मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचं सॉफ्टवेअर लिहितो. क्लायंट परदेशातला. स्पेसिफिकेशन मेलवर येतं, आम्ही कोड लिहून पाठवतो. मागे एकदा मी मीटिंगमध्ये विचारलं, "ही तापमानाची मर्यादा एवढीच का ठेवलीय?" उत्तर आलं, "ते आपल्या स्कोपमध्ये नाही." घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तू डाय बनवत नाहीयेस, फक्त पत्रा दाबतोयस."

लागलं मला ते. आणि खरंही आहे. पगार चांगला आहे, एसी आहे, पण आम्ही १९५४ मध्येच आहोत. डिझाइन त्यांचं, जुळणी आपली. लायसन्सवर शिकण्यात वाईट काही नाही, टेल्कोही तशीच शिकली. पण तिने करार संपायच्या तीन वर्षं आधीच पुढची तयारी सुरू केली होती. पुण्याची खरी ताकद तिथे आहे. गाड्या तर बऱ्याच शहरांत बनतात. गाडी अशीच का बनवायची, हे ठरवणारी माणसं इथे तयार झाली, आणि त्यासाठी कुणीतरी अकरा वर्षं कळ काढली.

बॅटरीच्या बाबतीत आपलं १९६६ कधी उजाडणार? मी सुरुवात म्हणून शनिवारी दोन मित्रांसोबत एक जुना बॅटरी पॅक उघडून बसतो. अजून तरी आम्ही फक्त निळा रंग लावतोय.

तुमच्या घरात कुणी टूलरूममध्ये काम केलं असेल तर त्यांना आज एवढंच विचारा, पहिली डाय जमायला किती दिवस लागले होते? उत्तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!