देवळातील दीप आणि चहाची बाग

जपानी दगडी दीप, म्हणजेच ‘इशिदोरो’, आज घरगुती बागेच्या सजावटीत जगभर ओळखीचा झाला असला, तरी जपानमध्ये आल्यानंतर जवळजवळ हजार वर्षे त्याचे स्थान बागेत नव्हे, देवळासमोर होते. सहाव्या शतकात बौद्ध धर्म कोरियामार्गे जपानमध्ये पोहोचला आणि त्याच्याबरोबर बुद्धापुढे दीप अर्पण करण्याची प्रथाही रुजली. नारा परिसरातील ताइमा-देरा मंदिरातील सातव्या शतकातील दीप हा जपानमधील सर्वांत जुना अवशिष्ट दगडी दीप मानला जातो. पुढे शिंतो देवस्थानांनीही ही प्रथा स्वीकारली, आणि नारा येथील कासुगा ताइशाच्या वाटांवर भाविकांनी वाहिलेल्या दगडी दीपांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. मराठी मुलखातील दीपमाळही अशीच देवाच्या दारची. ती मात्र देवळाच्या आवारातच राहिली.

जपानी दीपाने हे आवार ओलांडले ते सोळाव्या शतकात, चहाविधीच्या आचार्यांमुळे. चहाच्या खोलीकडे नेणाऱ्या लहानशा बागेला ‘रोजी’ म्हणतात. चहाच्या बैठका रात्री किंवा पहाटेपूर्वीही भरत असल्याने पाहुण्यांना वाट आणि हात धुण्याचे कुंड दिसावे, एवढ्यापुरताच तेथे उजेड हवा होता. सेन नो रिक्यू (1522–1591) आणि त्याच्या परंपरेतील आचार्यांनी त्यासाठी देवळांतले जुने, झिजलेले दीप पसंत केले. जुन्या वस्तूला नव्या कामाच्या नजरेने पाहण्याच्या या पद्धतीला ‘मिताते’ अशी संज्ञा आहे. पडक्या स्तूपाचा दगड किंवा मोडलेल्या पुलाचा खांब कोरून त्याचे कुंड करणे हा त्याच दृष्टीचा भाग. दीप उघड्यावर न मांडता त्याच्या पुढे एखादे झाड असे लावीत, की फांदीआडून उजेड अर्धवटच दिसावा. निवडीचा खरा कस वस्तूच्या नक्षीपेक्षा तिच्या जागेत लागे, हे या तपशिलावरून स्पष्ट होते.

रिक्यूच्या आवडत्या दीपाची आख्यायिका या अभिरुचीवर अधिक प्रकाश टाकते. तो दीप हिदेयोशी या सत्ताधीशाला हवा होता, तेव्हा रिक्यूने त्याच्या छत्राचा एक तुकडा मुद्दाम फोडून ‘हा सदोष आहे’ असे कळवले आणि अखेरीस तो आपला शिष्य होसोकावा सान्साई याच्या स्वाधीन केला. क्योतोतील कोतो-इन या मठात सान्साईच्या समाधीवर तो आजही उभा आहे. कथेचा ऐतिहासिक आधार तपासण्याजोगा असला, तरी फुटका दीप अधिक मोलाचा ठरावा यात त्या काळाची रुची उघड दिसते.

रिक्यूचा शिष्य फुरुता ओरिबे (1544–1615) याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीपाला पायथ्याची बैठक नसते. त्याचा खांब थेट जमिनीत रोवलेला असतो. खांबाच्या तळाशी कोरलेली आकृती छुप्या ख्रिस्ती उपासकांची मेरी आहे, असा एक लोकप्रिय समज आहे, पण त्याला ठोस पुरावा नाही.

एदो काळात (1603–1868) सरदारांच्या विस्तीर्ण बागांमध्ये दीप दुरून पाहण्याची वस्तू झाला. कानाझावाच्या केनरोकुएन बागेतील दोन पायांचा दीप, ज्याचा एक पाय पाण्यात टेकलेला आहे, हे त्याचे सुपरिचित उदाहरण. ओकायामातील कोराकुएन ही 1700 मध्ये पूर्ण झालेली बागही याच वर्गातील असून पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवर रचले आहे. घरापुढच्या चार हात जागेचा आदर्श म्हणून मात्र अशा बागेपेक्षा अरुंद रोजीच अधिक उपयोगी पडते.

1735 मध्ये कितामुरा एन्किन याचा बागरचनेवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि आचार्याकडून शिकण्याची विद्या पुस्तकातील आकृत्यांवरूनही साधू लागली. 1893 मध्ये जोसाया कोंडर या इंग्रज वास्तुविशारदाने जपानी बागांवर इंग्रजीत ग्रंथ लिहून दीपांचे प्रकार नावानिशी मांडले, तर 1873 च्या व्हिएन्ना आणि 1910 च्या लंडन प्रदर्शनांतील जपानी बागांनी पाश्चात्त्य प्रेक्षकांची हौस वाढवली. परदेशी ग्राहक आता प्रकाराचे नाव सांगून दीप खरेदी करू शकत होता. कुंड कोठे आहे, पाहुणा कोणत्या वाटेने येणार, हे प्रश्न त्या व्यवहारात उरले नाहीत, आणि असे कित्येक दीप कधी पेटवलेही गेले नाहीत.