सर्टिफिकेट आहे, अनुभव शून्य. सायबर सिक्युरिटीतली पहिली नोकरी कशी मिळते?

'सिक्युरिटी प्लस' किंवा 'सीईएच'चं सर्टिफिकेट लिंक्डइनवर टाकलं की अभिनंदनाच्या कमेंट पडतात, इंटरव्ह्यूचा कॉल मात्र येत नाही. फ्रेशरसाठीच्या जाहिरातीतही एक-दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. मग अनेकजण आणखी एका कोर्सची फी भरतात. तिथेच गणित चुकतं.

सीईएचची मूळ परीक्षा ४ तासांची, १२५ बहुपर्यायी प्रश्नांची असते. उमेदवाराला संकल्पना माहीत आहेत, एवढं त्यातून कळतं. त्याला काम येतं का, हे कळत नाही. फ्रेशरनं सीआयएसएसपीच्या मागे लागणं तर आणखी महागात पडतं. त्यासाठी साधारण ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तो नसेल तर परीक्षा पास होऊनही फक्त 'असोसिएट' म्हणवून घेता येतं.

पहिली नोकरी नेमकी कुठली?

बहुतेकांच्या डोक्यात हॅकिंग असतं, पण नवख्यांना जास्त संधी असते ती सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, म्हणजे 'सॉक'मध्ये. रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्येच बँकांना असं केंद्र उभारायला सांगितलं. पुढे २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेनं कंपन्यांवर दोन बंधनं घातली: ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे आणि सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपायचे. साहजिकच, ते लॉग रात्रंदिवस पाहणारी माणसं लागतात.

ही माणसं म्हणजे एल-१ अ‍ॅनालिस्ट. तीन पाळ्या, स्क्रीनवर एकामागून एक अलर्ट. त्यातले बरेचसे खोटे निघतात. खरा कोणता, हे ओळखून नीट नोंद करून वरच्याकडे पाठवायचा, हे मुख्य काम. थोडं कंटाळवाणं आहे, हे खरं.

म्हणून इंटरव्ह्यूत व्याख्यांइतकेच प्रसंगही विचारले जातात. समजा, विंडोजच्या लॉगमध्ये ४६२५ हा इव्हेंट एका मिनिटात दोनशे वेळा दिसला आणि लगेच ४६२४ आला. पहिला म्हणजे फसलेलं लॉगिन, दुसरा म्हणजे यशस्वी. कुणीतरी पासवर्डचा अंदाज बांधत होतं आणि तो बरोबर निघाला असावा. पण पासवर्ड बदलल्यावर एखादा प्रोग्रॅम जुनाच वापरत राहिला, तरी ४६२५ चा पाऊस पडतो. मग पुढे काय तपासणार? कुठल्या आयपीवरून, कुठलं खातं, लॉगिननंतर काय घडलं? इथे पाठांतर उपयोगी पडत नाही.

हे घरी शिकता येतं. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर व्हर्च्युअलबॉक्सवर एक विंडोज मशीन, एक काली लिनक्स आणि 'वाझू' हे मोफत टूल चालवता येतं. स्वतःच्याच मशीनवर हल्ला करायचा, अलर्ट पकडायचा आणि दोन पानी रिपोर्ट लिहायचा. असे चार-पाच रिपोर्ट गिटहबवर असतील तर रेझ्युमेमध्ये दाखवण्यासारखं काहीतरी असतं. दुसऱ्याच्या वेबसाइटवर मात्र 'सराव' नको. परवानगीशिवाय घुसखोरी केली तर आयटी कायद्याच्या कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तरीही सॉकचं दार उघडलं नाही, तर डेस्कटॉप सपोर्ट किंवा नेटवर्कची नोकरी कमीपणाची मानू नये. युजरची खाती, फायरवॉल, पॅचेस हाताळलेला माणूस सहा-आठ महिन्यांनी 'शून्य अनुभव' राहत नाही. कंपनीत आधीच सिक्युरिटी टीम असेल तर तिथे अंतर्गत बदली मागता येते, आणि बाहेरून अर्ज करण्यापेक्षा ते बरेचदा सोपं जातं.

'१०० टक्के प्लेसमेंट'च्या जाहिरातींमागे कधीकधी विकत मिळणारं अनुभवपत्र असतं. बॅकग्राउंड चेकमध्ये पीएफची नोंद पाहिली जाते आणि कंपनीच्या खात्यातून पीएफ जमाच झालेला नसेल तर बनाव उघड पडतो. ज्या क्षेत्रात काम विश्वासावर मिळतं, तिथे असा डाग पुसणं अवघड. फी भरण्याआधी संस्थेकडे मागच्या बॅचमधल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलणं करून द्यायला सांगावं. टाळाटाळ झाली, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.